गादीजवळची विद्या आणि दुरून येणारी विद्या

व्यापार शिकविता येतो काय, आणि येत असेल तर तो समोर बसवून शिकवावा की दुरून, या प्रश्नावर आपल्या ज्ञातीतील तरुण आणि वडील मंडळी यांत सध्या बराच मतभेद आहे. संस्थेच्या शिक्षण निधीतून ऑनलाइन व्यवसाय-मार्गदर्शन वर्गांची फी द्यावी, अशी मागणी तरुणांकडून आली आहे. उलट, ज्यांनी उभे आयुष्य दुकानाच्या गादीवर काढले ते म्हणतात की, पडद्यावर पाहून पोहणे येत नाही तसा व्यापारही येत नाही. तोच पैसा खर्चून मुलांना एखाद्या चालत्या पेढीवर वर्षभर ठेवावे. दोन्ही पक्ष कळकळीचे आहेत व दोघांचेही म्हणणे आम्ही ऐकले आहे. परंतु या वादात एक गोष्ट विसरली जाते ती ही की, हा वाद मुळीच नवा नाही. ज्या दिवशी टपालाचे पत्र घाटाखाली आले त्याच दिवशी दुरून शिकविण्याची सोय झाली, आणि गादीजवळची विद्या तर त्याहून कितीतरी जुनी. तेव्हा निधीचा निर्णय होण्यापूर्वी आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलखात या दोन विद्या कशा आल्या आणि त्यांनी काय केले, हे पाहणे अगत्याचे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

आपला मुलूख हा घाटाच्या पायथ्याचा. देशावरील माल बोरघाटाने उतरावा, पनवेलच्या बंदरात जावा आणि तेथून गलबतांनी मुंबईस पोहोचावा, हा जुना क्रम. वंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे ही त्या काळची मालवाहतूक. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता खुला झाला आणि बैलांच्या पाठीवरचा माल चाकांवर आला. पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला व १८५६ साली तो पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचला. १८५८ साली वरच्या अंगास खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत तयार नव्हता. म्हणजे सुमारे पाच वर्षे मुंबईहून आलेला प्रत्येक उतारू आणि प्रत्येक गोणी खोपोलीस उतरून, पालखीतून, तट्टावरून वा गाडीतून घाट चढून खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसत असे. खोपोलीस नाना फडणविसांनी बांधलेला तलाव होताच. त्याच्या आसपास माणसांची, जनावरांची व मालाची केवढी वर्दळ उसळली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्याच घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. एवढी पोटे भरावयाची म्हणजे तांदूळ, नाचणी, मीठ, मिरची, तेल आणि तंबाखू यांचा पुरवठा रोजच्या रोज डोंगरात पोहोचवावयास हवा. या बाबतीत जाता जाता आमच्या ज्ञातिभगिनींसाठी एक हकिकत सांगावीशी वाटते. घाटाच्या कामाचा मक्ता घेऊन १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार येथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने मायदेशी परत न जाता तो मक्ता आपल्या नावावर चालविला, जाणकार अभियंते हाताशी धरले आणि काम तडीस नेले. तिला हा धंदा कोणी पाठशाळेत शिकविला नव्हता. जे काही आले ते कामाजवळ राहिल्याने आणि माहीतगार माणसांवर योग्य तेवढा विश्वास टाकल्याने आले.

घाट सुरू झाल्यावर खोपोलीचा तो बहर ओसरला, पनवेलच्या बंदराचेही महत्त्व उतरले आणि कर्जत व नेरळ ही ठिकाणे पुढे आली. त्या काळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत असे व खालापूर हा त्याचाच पेटा होता; १८९१ साली हा भाग कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला. भात हा येथला मुख्य माल. भात खरेदी करावे, सडून वा गिरणीतून काढून तांदूळ मुंबईस रवाना करावा, आणि परतीच्या डब्यातून कापड, गूळ, रॉकेल, लोखंडी सामान आणावे, असा पेठेचा व्यवहार बसला. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली नेरळ-माथेरान गाडी सुरू झाल्यावर नेरळच्या पेठेस माथेरानचे गिऱ्हाईकही मिळाले.

या पेठांतून व्यापार शिकण्याची रीत एकच होती. तिला आपण उमेदवारी म्हणतो. बारा-चौदा वर्षांचा मुलगा मामाच्या, मावशीच्या यजमानांच्या किंवा गावाकडच्या ओळखीच्या दुकानात आणून सोडावयाचा. पगार नाही, दोन वेळचे जेवण, वर्षास दोन कपडे आणि दिवाळीस काही खुशाली. पहिले वर्ष दुकान झाडणे, गोणी मोजणे आणि निरोप पोहोचविणे यांत जाई. दुसऱ्या वर्षी हातात माप येई. आपल्याकडे भात फऱ्याने मोजत, आणि फरा भरताना हात कसा फिरवावा, माप सैल भरले की दाबून, यातच शेतकऱ्याचा विश्वास मिळे किंवा जाई. त्यानंतर तागडी, मग उधारीची टाचणवही, आणि सर्वांच्या शेवटी कीर्द व खतावणी. ती मोडीत असे. मोडीचा हात बसेपर्यंत दिवाणजी मुलास वहीस शिवू देत नसत. गल्ल्याजवळ बसण्याचा मान चौथ्या-पाचव्या वर्षी मिळे.

या शिक्षणात जे खरे शिकविले जाई ते कोणी तोंडाने सांगत नसे. भाताचा दाणा दाताखाली धरून तो वाळला आहे की ओला हे ओळखणे. नव्या तांदळात जुना मिसळला असल्यास वासावरून जाणणे. कोणत्या कुळाची उधारी सुगीपर्यंत थांबवावी आणि कोणाची होळीपूर्वीच मागावी. पाऊस लांबला तर मिठाची आणि बियाण्याची खरेदी किती करावी. आणि सर्वांत कठीण म्हणजे, नाही म्हणताना गिऱ्हाईक कसे न तोडावे. कर्जत स्टेशनाचा बटाटावडा घ्या. घाट चढण्यासाठी गाडीस मागून इंजिने जोडावी लागतात म्हणून गाडी तेथे थांबते, आणि तेवढ्या मोजक्या मिनिटांत जे विकेल तेच विकावयाचे. गरम असावे, हातात धरून खाता यावे, सुटे पैसे लगेच देता यावेत. हा सर्व हिशेब फलाटावर उभे राहूनच सुचतो.

तथापि या रीतीचे गोडवे गाताना आपल्या वडीलधाऱ्यांकडून तिची दुसरी बाजू झाकली जाते, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. उमेदवारी ही नात्यागोत्यात फिरे. ज्याला पेठेत मामा नाही त्याला दार बंद. इतर ज्ञातींच्या मुलांस, ठाकूर-कातकऱ्यांच्या मुलांस तर गोणी उचलण्यापलीकडे काही शिकविण्याचा प्रश्नच नव्हता. मुलींची तर गोष्टच नको. नवरा अकाली गेल्यावर दुकान हाती आलेल्या कितीतरी स्त्रियांना स्वतःच्याच घरची मोडी वही वाचता येत नव्हती. मग दीर किंवा दिवाणजी सांगतील तो हिशेब. शिवाय धनी जाणूनबुजून निम्मी विद्या राखून ठेवी, कारण पुरता शिकलेला उमेदवार उद्या समोरच दुकान थाटावयाचा. आणि जे शिकविले जाई त्यात धन्याच्या चुकाही आल्याच. वजनात हात मारणारा धनी मुलास तेही शिकवी.

आता दुरून येणाऱ्या विद्येकडे वळू. तिचे पहिले वाहन टपाल. इंग्लंडात १८४० साली एका पेनीचे टपाल सुरू झाले त्याच वर्षी आयझॅक पिटमन याने लघुलेखन टपालाने शिकविण्यास आरंभ केला. तो विद्यार्थ्यास उतारा पाठवी, विद्यार्थी तो लघुलिपीत उतरवून परत पाठवी आणि चुका दुरुस्त होऊन तो पुन्हा विद्यार्थ्याकडे येई. या शेवटच्या पायरीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पाठ पाठविणे सोपे. चूक पाहून ती परत करणे हेच शिक्षण. आपल्याकडे १८७७ साली व्ही. पी.ची, १८७९ साली पोस्टकार्डाची व १८८० साली मनिऑर्डरीची सोय झाली. पाव आण्याच्या कार्डावर मुंबईचा भाव कर्जतला कळू लागला आणि पेढीचा धनी मुंबईस गेला असता मागे राहिलेल्या मुलास कार्डावर सूचना लिहू लागला. व्ही. पी.ने तर न पाहिलेल्या व्यापाऱ्याकडून माल मागविणे शक्य झाले.

छापील विद्येचे मोठे उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईस तंत्रशाळेत शिक्षक असताना ते सायकली विकत घेऊन बेळगावास धाडीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या तेथे विकीत. यंत्रविद्येचा बराच भाग लक्ष्मणरावांनी परदेशी मासिकांतून व यंत्रांच्या सूचिपुस्तिकांतून मिळविला. दुरून शिकण्याचा याहून चांगला दाखला मराठी माणसास दुसरा नाही. परंतु त्याच लक्ष्मणरावांचा पहिला लोखंडी नांगर विकला जावयास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि ती कोणत्याही अमेरिकन पुस्तकात लिहिलेली नव्हती. नांगर कसा ओतावा हे त्यांना कागदावरून कळले. तो का विकला जात नाही हे बांधावर गेल्यावाचून कळले नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. ती आणि नागपूरचे 'उद्यम' मासिक यांनी साबण, शाई, मेणबत्त्या, पापड अशा लहान धंद्यांची माहिती खेडोपाडी नेली. अशा मासिकांतील कृती वाचून किती घरांत साबणाच्या कढया चुलीवर चढल्या आणि त्यांतल्या किती पुढच्या महिन्यात अडगळीत गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण ज्या घराला कोणीच शिकविणार नव्हते त्या घराला या मासिकाने निदान धंद्याचे स्वप्न पाहावयास शिकविले. ही गोष्ट लहान नव्हे.

घाटाच्या माथ्यावर, तळेगावास, पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभारलेला हा निधी, आणि लोकमान्यांचा त्यास पाठिंबा. कारखान्यावर जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तज्ज्ञ होते, आणि तेथे विद्यार्थ्यांना भट्टीजवळ उभे करून काच फुंकण्यास शिकवीत. तेथून बाहेर पडलेल्या माणसांनी देशात इतरत्र काचेचे काम नेले. लोकांचा निधी शिक्षणावर कसा खर्च करावा याचा विचार करताना पैसाफंडाचे हे उदाहरण आपल्या कार्यकारी मंडळाने अवश्य डोळ्यांसमोर ठेवावे.

आपल्याच तालुक्यातील भाई कोतवाल यांचे नाव स्वातंत्र्यासाठी २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह दिलेल्या बलिदानासाठी आपण घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु माथेरानच्या या वकिलाने त्यापूर्वी सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठीची कल्पना राबविली व खेड्यांतून शाळा चालविल्या, हे आपल्या व्यापारी वर्गाने अधिक लक्षात ठेवावयास हवे. सुगीत धान्य जमा करावे, अडीअडचणीस गरजूंना द्यावे व पुढच्या सुगीत परत घ्यावे. हा धान्याचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः ठेवावयाचा, म्हणजे आमच्या पेठांनी जी विद्या नात्यात कोंडून ठेवली होती ती झाडाखाली उघड्यावर आली. काही पेढ्यांना ते रुचले नसेलही.

यानंतर आकाशवाणी. येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण आजच्या वादाचा निकाल लावण्यास उपयोगी असा जवळजवळ तंतोतंत प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी वीस कार्यक्रम प्रसारित झाले. आठवड्यातून दोन, प्रत्येकी अर्ध्या तासाचे. पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत दीडशे गावांतून श्रोतृमंडळे स्थापिली होती. आपला कुलाबा जिल्हा त्यात नव्हता. प्रत्येक मंडळात पंधरा-वीस गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत, शंका लिहून केंद्राकडे पाठवीत आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. तपासणीचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. पॉल न्यूराथ यांनी ते केले. त्यांनी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली होती: काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काहींत रेडिओही नव्हता. निष्कर्ष असा निघाला की, मंडळांच्या गावांत ज्ञान मोठ्या प्रमाणात वाढले आणि मंडळावाचून असलेल्या गावांत, रेडिओ असूनही, वाढ नगण्य राहिली.

आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो शेजारी बसून ऐकणाऱ्या माणसांमुळे आणि प्रश्नाचे उत्तर परत येण्याच्या सोयीमुळे. पिटमनच्या दुरुस्त होऊन येणाऱ्या उताऱ्यात आणि या मंडळात तत्त्व एकच आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी कुळकायद्याने कूळ जमिनीचे मालक झाले, त्याच दिवशी नवे पैसे आले, आणि पुढील काही वर्षांत शेर-पायली-फरा जाऊन किलोग्रॅम आला. मोडी तर त्यापूर्वीच शाळांतून उठली होती. उमेदवारीत मिळालेली निम्मी हत्यारे पाचदहा वर्षांत निरुपयोगी झाली. इकडे १९१५ पासून टाटांच्या जलविद्युत केंद्रामुळे खोपोली विजेचे गाव होतेच; १९६० नंतर रसायनी येथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, खोपोलीस महिंद्रा युजीन पोलाद कारखाना, पुढे पाताळगंगेची औद्योगिक वसाहत उभी राहिली. आपल्या घरांतील हुशार मुलगा पाळीवर जाऊ लागला. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरलेला पगार येत असता दुकानात पाच वर्षे फुकट झाडू कोण मारील? उमेदवारी कोणी बंद केली नाही. ती आपोआप बंद पडली. आज जे वडीलधारे मुलांना एखाद्या पेढीवर ठेवा म्हणतात, त्यांनी आपली स्वतःची मुले कोठे पाठविली हे आम्ही येथे विचारीत नाही.

मधल्या काळात सरकारनेही शिकविण्याचे काम हाती घेतले. १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रे आली, १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे येथे १९८२ साली वीरेंद्र हेगडे व दोन बँका यांनी ग्रामीण तरुणांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. तिच्याच धर्तीवर पुढे जिल्ह्यास एक अशा संस्था बँकांमार्फत सुरू झाल्या. तेथे मुलांना काही दिवस निवासी ठेवून शिकवितात, पैसे घेत नाहीत, आणि शिक्षण संपल्यावर पुढे दोन वर्षे विचारपूस चालू ठेवतात. आपल्या ज्ञातीतील किती मुलांना ही सोय ठाऊक आहे, याची आम्हांस शंका वाटते.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लोकल गाड्या बंद झाल्या आणि देश घरात बसला. त्या काळात पडद्यावरचे वर्ग घरोघरी शिरले. तत्पूर्वी कर्जतच्या माणसास मुंबईत एखादे व्याख्यान ऐकावयाचे तर सुमारे शंभर किलोमीटर जाणे व तेवढेच येणे, म्हणजे चार-साडेचार तास गाडीत आणि दिवसभर दुकानास कुलूप. खोपोलीकरांस त्याहून अधिक. कशेळे, खांडस किंवा वावोशीच्या गृहिणीस तर ते अशक्यच. ऑनलाइन वर्गाने हा सर्व खर्च एका झटक्यात नाहीसा केला. लोणची-मसाले करणारी बाई दुपारची झाकपाक झाल्यावर फोन उभा करून बसते आणि वेष्टनावर काय छापावे, भाव कसा काढावा, जी. एस. टी.ची नोंद केव्हा लागते, हे शिकते. तिच्या आजीस घरची वही वाचता येत नव्हती, हे आठवले म्हणजे या सोयीची किंमत कळते. गादीजवळच्या विद्येने जिला दोनशे वर्षे दाराबाहेर ठेवले तिला दुरून आलेल्या विद्येने प्रथम आत घेतले. ऑनलाइन शिक्षणास सरसकट नाके मुरडणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावे.

परंतु त्याच पडद्यावर दुसराही बाजार भरला आहे. प्रारंभी दोन तासांचे व्याख्यान फुकट किंवा नाममात्र पैशांत. त्यात यशस्वी झालेल्यांच्या कहाण्या आणि टाळ्या. शेवटी घड्याळ लावून आजच्या आजच सवलतीत नाव नोंदविण्याचा आग्रह, आणि फी हजारांत, कधी लाखांत. बिझनेस कोच म्हणवून घेण्यास कोणतीही परीक्षा लागत नाही की परवाना लागत नाही. समोरच्या शेकडो चौकोनांतून कोणाचे दुकान कोठे आहे हे कोचास ठाऊक नसते व ठाऊक असण्याची गरजही वाटत नाही. सल्ला सर्वांस एकच. कर्जत भागात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्या आपल्या एका तरुण ज्ञातिबंधूने असा वर्ग केला. छायाचित्रे कशी घ्यावीत, दर हंगामाप्रमाणे कसे बदलावेत, पाहुण्यांचे अभिप्राय कसे मागावेत, हे त्यास उत्तम समजले आणि पावसाळ्यातील खोल्या भरल्या. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागला तेव्हा मात्र वर्गात विचारलेल्या प्रश्नास उत्तर आले नाही. ते शेजारच्या वाडीतील वृद्धाने दिले: टँकरवाल्याशी भाव चैत्रापूर्वी ठरवावयाचा आणि त्याचा अर्धा पैसा आगाऊ द्यावयाचा. दोन्ही शिकवणी खऱ्या होत्या. एकीवाचून दुसरी लंगडी पडली असती.

नेरळजवळच्या मालेगावी सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी शेती आणि पर्यटन यांचा जोडधंदा कित्येक वर्षांपूर्वी उभा केला, आणि अलीकडे 'सगुणा राईस तंत्र' ही भातलागवडीची पद्धत प्रचारात आणली. चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे करावयाचे, लोखंडी साच्याने पंचवीस सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवावयाची. कर्जतला १९१९ पासून भात संशोधनाचे केंद्र आहे, त्या परंपरेच्या शेजारीच एका शेतकऱ्याने हे केले याचा आपणांस अभिमान वाटावा. या पद्धतीच्या चित्रफिती फोनवरून दूरदूरच्या जिल्ह्यांत गेल्या आणि शेतकऱ्यांचे गट फोनवर एकमेकांस छायाचित्रे पाठवून शंका विचारू लागले. तरीही शिवारात येऊन पाहणारे थांबले नाहीत. वाफा करताना माती किती ओली असावी हे मूठभर माती दाबून पाहिल्यावर कळते, आणि ती मूठ अजून फोनमधून पाठविता येत नाही.

विद्वानांनीही या विषयाची परीक्षा केली आहे, त्यातील दोन प्रयोग सांगतो. केनियातील नैरोबी शहराच्या दांडोरा वस्तीत लहान धंदे करणाऱ्या तरुण स्त्रियांपैकी काहींना वर्गात बसवून हिशेब व व्यवस्थापन शिकविले आणि काहींना त्याच वस्तीतील अनुभवी दुकानदार स्त्रीशी जोडून दिले. वर्गातल्यांच्या नफ्यात फरक पडला नाही. जोडून दिलेल्यांचा नफा सुमारे वीस टक्क्यांनी वाढला, कारण स्वस्त माल कोठे मिळतो हे त्यांना कळले. पुढे भेटी थांबल्या तसा हा लाभही विरला. दुसरा प्रयोग आपल्या अधिक जवळचा, तारापूर व उंबरगाव भागातील कापड कारखान्यांत झाला. निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ पासून तेथे सल्लागार पाठविले. काही कारखान्यांना एक महिना तपासणी करून दोष दाखविले. इतरांना आणखी चार महिने कारखान्यात उभे राहून ते दोष दूर करण्यास मदत केली. या दुसऱ्या गटाची उत्पादकता पहिल्या वर्षी सतरा टक्क्यांनी वाढली. नऊ वर्षांनी पुन्हा पाहिले तो निम्म्या सुधारणा सुटल्या होत्या. जेथे व्यवस्थापक बदलला तेथे विशेष. याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, युगांडातील छोट्या उद्योजकांना परदेशी अनुभवी मंडळींनी केवळ दुरून सल्ला दिला असता त्यांचीही विक्री वाढली. तेथे मात्र एका उद्योजकास एक सल्लागार होता; शेकडो चौकोन नव्हते.

हा सर्व इतिहास पाहता निधीच्या प्रश्नावर आमचे नम्र मत असे आहे. ज्या वर्गात शिकविणारा विद्यार्थ्याची वही, दुकान किंवा माल पाहून त्यास उत्तर देतो, त्या वर्गाची फी निधीतून द्यावी, मग तो वर्ग पडद्यावर असो की समोर. जेथे केवळ ऐकावयाचे तेथे एक रुपयाही देऊ नये. ते ज्ञान फुकट मिळते. फीचा निम्मा भाग प्रथम द्यावा आणि उरलेला सहा महिन्यांनी विद्यार्थ्याची हिशेबवही पाहून द्यावा. निधी घेणाऱ्या प्रत्येकास कर्जत, नेरळ, चौक किंवा खोपोली येथील एका अनुभवी ज्ञातिबंधूशी वा ज्ञातिभगिनीशी जोडावे, आणि त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा प्रत्यक्ष भेटावे. या वडीलधाऱ्यांस मानधन द्यावे, कारण फुकटच्या उमेदवारीचे काय झाले ते वर आलेच आहे. हे वडीलधारे वेगळ्याच धंद्यातील असले तरी चालेल. धंदा एकच असल्यास धनी निम्मी विद्या राखून ठेवतो, हा जुना अनुभव आहे. आणि १९५६ च्या श्रोतृमंडळांप्रमाणे, एकच वर्ग करणारी चार-पाच मुले-मुली संस्थेच्या सभागृहात एकत्र बसून तो पाहू लागली तर सभागृहाचा वर्षभर बंद असलेला दरवाजाही उघडेल.

कार्यकारी मंडळास दुसरी एक विनंती आहे. अनेक ज्ञातिबांधवांच्या घरी माळ्यावर जुन्या मोडी कीर्दी व खतावण्या गाठोड्यात बांधून पडल्या आहेत. उमेदवारास वर्षाकाठी काय दिले, भाताचा खंडीस काय भाव होता, मुंबईहून कोणता माल केव्हा आला, हे सर्व त्यांत आहे, आणि मोडी वाचणारे आता मोजकेच उरले आहेत. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी पुढील पावसाळ्यापूर्वी त्या संस्थेच्या कार्यालयात आणून द्याव्यात. पोच मिळेल, छायाचित्रे घेतली जातील आणि वह्या मालकांस परत केल्या जातील.